गाडी ट्यून केलीत. आता प्लग किती ‘थंड’ घ्यायचा?

शाहपुरा, त्रिलंगा, अरेरा कॉलनी, कोलार रोड या पट्ट्यातल्या मराठी घरांत टर्बो पेट्रोल गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. चाकणच्या कारखान्यातून आलेल्या पोलो, व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया दिसतात, तशा व्हेन्यू आणि आय२० एन लाइनही दिसतात. यातले बरेच जण गाडी ट्यून करून घेतात, म्हणजे ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवतात. त्यानंतर प्रश्न येतो तो बहुतेक वेळा हाच: ट्यूनर म्हणतो थंड प्लग टाका, शोरूमवाले म्हणतात कंपनीचाच ठेवा, मिस्त्री म्हणतो काही फरक पडत नाही. ऐकायचं कोणाचं?

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत असतात. प्लग किती थंड हवा हे दोन गोष्टींवर ठरतं: इंजिनावर खरोखर किती जादा भार पडतो आणि गाडी रोज कुठे, किती वेळ चालते. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ ही लेबलं त्यानंतर येतात. तुम्हाला स्वतःच्या गाडीपुरता निर्णय घेता यावा, म्हणून हा लेख.

आधी एवढं समजून घ्या

थंड प्लगची ठिणगी थंड नसते. गरम आणि थंड हा फरक प्लगच्या टोकाशी साठणारी उष्णता किती लवकर बाहेर जाते याचा आहे. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू उतरते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर ती चटकन इंजिनच्या हेडमध्ये जाते, तो थंड प्लग.

टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही, ती साठते आणि गाडी मिस मारू लागते. त्यावर गेलं तर टोक स्वतःच निखाऱ्यासारखं तापतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. याला प्री-इग्निशन म्हणतात. पिस्टनला भोक पडण्याचे प्रकार बहुधा यातूनच होतात. प्लग एक पायरी थंड घेतला की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी उतरतं.

नॉकिंग ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ठिणगी वेळेवर पडते, पण कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप भडकतं आणि खडखड असा आवाज येतो. ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, तापलेली हवा किंवा फार पुढे ओढलेलं टायमिंग यांमुळे होतं. थंड प्लग टाकून नॉकिंग बरं होईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि ताकद वाढेल अशी तर मुळीच नको. थंड प्लग ही सुरक्षेसाठी ठेवलेली जागा आहे. तिची गरज असेल तेव्हाच ती घ्यावी.

आकडा उलटा वाचू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो.

- एनजीके आणि डेन्सो: आकडा मोठा, प्लग थंड. एनजीकेचा ७ हा ६ पेक्षा थंड.
- बॉश आणि चॅम्पियन: आकडा मोठा, प्लग गरम. बॉशमध्ये थंडकडे जायचं तर ७ वरून ६ वर या.
- एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. ७ म्हणजे २२. ८ म्हणजे २४. कंपनी बदलताना आकडा नव्हे, तक्ता बघा.

आपल्याकडे जुनी मंडळी अजूनही सरसकट ‘मायकोचा प्लग’ म्हणतात. बंगळुरूची मायको म्हणजे आजची बॉश. त्या सवयीचा मिस्त्री एनजीकेचा आकडाही बॉशसारखा वाचू शकतो आणि थंड मागितलात तर गरम प्लग हातात पडू शकतो. ट्यून केलेल्या टर्बो गाडीत ही चूक महागात पडेल, म्हणून दुकानात ‘एक नंबर थंड’ असं तोंडी सांगू नका. पूर्ण कोड लिहून न्या.

कोडमध्ये फक्त पायरी नसते. एनजीकेचा बीकेआर७ईआयएक्स घ्या. यातलं ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘७’ ही पायरी, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि ‘आयएक्स’ म्हणजे इरिडियम. तुम्हाला यातली फक्त पायरी बदलायची आहे. आट्यांचा व्यास, लांबी, बैठक आणि टोक किती बाहेर येतं, हे सगळं मूळ प्लगसारखंच हवं. लांबी जास्त झाली तर पिस्टन प्लगवर आपटू शकतो. कमी पडली तर हेडमधले उघडे आटे काजळीने भरतात आणि पुढचा प्लग नीट बसत नाही. बऱ्याच नव्या छोट्या इंजिनांत १२ मिलिमीटरचे प्लग असतात, त्यामुळे मित्राच्या ऑक्टाव्हियाला बसलेला प्लग तुमच्या तीन सिलिंडरच्या गाडीला चालेल असं धरून चालू नका.

तुमची गाडी कोणत्या गटात बसते?

एक नियम सर्रास सांगितला जातो: दर ७५ ते १०० अश्वशक्ती वाढीला एक पायरी थंड. तो ऐकून लोक म्हणतात, माझी तर पंचवीसच वाढली, मग प्रश्नच मिटला. पण इथे प्रति सिलिंडर हिशेब करा. आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात ८० अश्वशक्ती वाढली तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला १० येतात. तीन सिलिंडरच्या १.० टीएसआयमध्ये २५ वाढली तर प्रत्येकाच्या वाट्याला आठाहून थोडी जास्त येते. फरक फारसा नाही! म्हणजे छोट्या इंजिनाला तो आकडा जसाच्या तसा लावणं चुकीचं आहे. उलट बाजूने हेही लक्षात घ्या, की कारखान्यातूनच टर्बो असलेल्या इंजिनाला कंपनी मुळातच थोडी जागा राखून प्लग देते.

माझा सल्ला असा:

- गाडी मूळ अवस्थेत आहे. मॅन्युअलमधलाच प्लग ठेवा. भोपाळचा मे महिना कितीही तापला तरी तेवढ्यासाठी पायरी बदलायची गरज नाही. हवेच्या तापमानाची दखल ईसीयू घेतो.
- फक्त सॉफ्टवेअर बदललंय, वापर मुख्यतः शहरात. मूळ पायरीचे नवे कोरे प्लग टाका. गॅप तपासून घ्या. बहुतेक वाचक याच गटात आहेत आणि बहुतेकांचं काम इथेच होतं.
- फक्त सॉफ्टवेअर, पण महिन्यातून दोन-तीनदा लांबचा पल्ला. भोपाळहून नागपूर, म्हणजे इटारसीपुढे सातपुड्याचा चढ, मग बैतूल, मुलताई, पांढुर्णा. गाडी भरलेली, एसी चालू, पाय बराच वेळ खाली. इथे एक पायरी थंड प्लगचा विचार योग्य आहे, पण ट्यूनरने लेखी सांगितलं असेल तरच.
- सॉफ्टवेअरबरोबर डाउनपाइप, इनटेक, इंटरकूलर बदललाय. एक पायरी थंड घ्या.
- टर्बोच मोठा बसवलाय. हा निर्णय डायनोवर गाडी बसवून ट्यूनरने घ्यायचा. दोन पायऱ्याही लागू शकतात. अंदाजाने काही करू नका.

शंका असेल तर कमी थंडकडे झुकू की जास्त थंडकडे, असंही विचारलं जातं. काजळी धरलेला प्लग बदलता येतो, वितळलेला पिस्टन बदलायला इंजिन उघडावं लागतं. त्यामुळे भार खरोखर जास्त असेल आणि शंका उरली असेल, तर एक पायरी थंड. पण एकच. खबरदारी म्हणून दोन पायऱ्या खाली जाणं बरं नाही. का, ते पुढे बघा.

शाहपुरा ते एमपी नगर: थंड प्लगचा खरा त्रास

शाहपुऱ्यातून एमपी नगर किंवा न्यू मार्केट म्हणजे काही किलोमीटरचा रस्ता. जानेवारीत सकाळी पारा दहा अंशांच्या आसपास असतो. इंजिन गरम होतं न होतं तोच ऑफिस येतं. थंड इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल देतो, आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत त्या वेळी काजळी अधिक होते. टोक ५०० अंशांपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ती जळत नाही.

शाहपुरा तलावाजवळ राहणाऱ्या एका तरुणाच्या पोलोतला प्लग मी हातात घेऊन पाहिला आहे. ट्यून साधा, फक्त सॉफ्टवेअरचा, पण प्लग दोन पायऱ्या थंड टाकलेले. चिनी मातीवर मखमलीसारखी कोरडी काळी काजळी होती, बोट लावलं की बोटाला लागणारी. वरून खाली वळलेली धातूची पट्टी मात्र जवळजवळ कोरी होती, तापल्याची खूण अगदी शेंड्याशी. गॅप बरोबर, प्लगही अस्सल. सकाळी गाडी थरथरायची, चेक इंजिन दिवा अधूनमधून लागायचा आणि तो बिचारा इंजेक्टर साफ करायला निघाला होता. मूळ पायरीचे प्लग टाकल्यावर थरथर थांबली.

तुमचा रोजचा प्रवास असाच छोटा असेल आणि तरीही एक पायरी थंड प्लग हवेच असतील, तर आठवड्यातून एकदा गाडी नर्मदापुरम रोडने औबेदुल्लागंजपर्यंत नेऊन आणा. वेगमर्यादेत, पण सलग चालू द्या. त्याने टोक पुरेसं तापून साफ होतं.

मिस मारते म्हणून पायरी बदलू नका

तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोरात पाय दिला की गाडी अडखळते, सावकाश चालवली तर ठीक. ट्यून केल्यानंतरची ही सर्वात नेहमीची तक्रार, आणि लोक त्यावर थंड प्लग मागवतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वाढलेल्या दाबात ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते पुरलं नाही तर ठिणगी पडतच नाही. उपाय आहे गॅप थोडा कमी करणं, किंवा कॉइल तपासणं. क्रमाने असं करा:

१. ओबीडी स्कॅनरने कोड वाचा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०३ म्हणजे तिसऱ्याचा.
२. दोन सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदला. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा.
३. तसं नसेल तर गॅप मोजा. मूळ गॅप ०.८ मिलिमीटर असेल तर ०.७ करून बघा. ट्यूनरला विचारल्याशिवाय ०.६ च्या खाली जाऊ नका. गॅप फार कमी झाला तर गाडी उभी असतानाचं चालणं बिघडतं.
४. प्लग खूप चालले असतील तर आधी नवे टाका. टोक झिजलं की गॅप आपोआप वाढतो.

चेक इंजिन दिवा लुकलुकत असेल तर ताबडतोब पाय सैल करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो.

इरिडियमचं टोक केसासारखं बारीक आणि ठिसूळ असतं. नाण्यासारखं गोल गॅप-मापक त्यात घुसवू नका. तारेचं गेज वापरा आणि वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या टोकाला हत्यार लागता कामा नये.

जुना प्लग वाचा, मग नवा घ्या

मूळ प्लग काढल्यावर लगेच फेकू नका. सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा आणि उजेडात बघा.

- फिकट तपकिरी किंवा राखाडी: पायरी बरोबर आहे, काही बदलू नका.
- कोरडी काळी काजळी: प्लग जास्त थंड आहे, मिश्रण दाट आहे, किंवा प्रवास छोटे आहेत.
- ओला, तेलकट: रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. प्लगचा दोष नाही.
- पांढरी फटक, फोड आलेली चिनी माती: प्लग फार गरम चालतोय. थंड प्लगकडे जा, पण मिश्रण पातळ तर नाही ना हेही तपासून घ्या.
- काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक कण: नॉकिंग झालंय, आणि चकाकतंय ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. गाडी जोरात चालवणं थांबवा आणि ट्यूनरकडे लॉग घेऊन जा. इथे नुसता प्लग बदलून भागणार नाही.

रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. आजच्या पेट्रोलमध्ये धडधाकट प्लगही बराच पांढरट दिसू शकतो. बाहेरच्या पट्टीवरची रंगबदलाची रेघ जास्त भरवशाची असते: ती वळणाच्या आसपास असावी. शेंड्याकडे असेल तर प्लग थंड, बुंध्याकडे सरकली असेल तर गरम.

पेट्रोल आणि ऑइलबद्दल दोनच गोष्टी. ट्यून ९७ ऑक्टेनवर बसवला असेल तर तेच भरा, आणि प्रवासात ते मिळालं नाही तर त्या टाकीपुरता पाय आवरा. ऑइल एपीआय ‘एसपी’ दर्जाचं, तुमच्या गाडीच्या कंपनीला मान्य असलेलं घ्या. कमी वेगात, जास्त दाबात होणाऱ्या प्री-इग्निशनविरुद्ध ते नेमकं काम करतं; तिथे प्लगची पायरी फारशी कामी येत नाही.

खरेदी करताना

थंड पायरीचे प्लग भोपाळच्या शोरूममध्ये सहसा तयार नसतात, मागवावे लागतात, आणि नकली मालाचा शिरकाव इथेच होतो. नामांकित प्लगच्या नकला बाजारात भरपूर आहेत. प्लग हातात आल्यावर बघा: आटे गुळगुळीत आणि सारखे आहेत का, चिनी मातीवरची छपाई स्वच्छ आहे का, मधलं टोक बरोबर मध्यभागी आहे का, खालचा वायसर हाताने सहज निघून येतो का. निघत असेल तर संशय घ्या. पुठ्ठ्याचा खोका आणि प्लगवरचा कोड जुळवा. बिल घ्या, त्यावर पूर्ण कोड लिहून घ्या. बिल नसेल तर पुढे तुमच्या हातात काही राहत नाही.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग ओढले तर आटे जातात. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत चूडी मरते, आणि मग हेड खराद्याकडे. कॉइल काढल्यावर खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग आधी हाताने फिरवा. अडला तर जोर न करता परत काढा.

घट्ट करायला टॉर्क रेंच हवाच. वायसरवाल्या प्लगसाठी साधारण माप असं: १४ मिलिमीटरला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. ‘अंदाजाने बसतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नाही म्हणा. प्लग सैल राहिला तर उष्णता हेडमध्ये जातच नाही आणि थंड प्लगही गरम चालतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. मुलामा असलेल्या प्लगना ते लागत नाही, आणि लावलं तर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

वॉरंटी, विमा आणि कायदा

प्लगची पायरी आरसीवर लिहिलेली नसते, त्यामुळे नुसता प्लग बदलल्याने नोंदणीचा प्रश्न येत नाही. प्रश्न ट्यूनचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला डाउनपाइप तर प्रदूषणाच्या नियमातही अडकतो. तो बसवू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

विमा कंपनीला ट्यूनची माहिती लेखी द्या. लपवलेला बदल दाव्याच्या वेळी बाहेर आला तर दावा अडू शकतो. वॉरंटीतल्या गाडीचं सॉफ्टवेअर बदललंय हे बऱ्याच सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला कळतं. मात्र बिघाड ट्यूनशी संबंधित नसेल, समजा खिडकीची मोटर गेली असेल, आणि तरी वॉरंटी नाकारली, तर नकार तांत्रिक कारणासह लेखी मागा.

ट्यूनरकडून काम करून घेण्याआधी हे ठरवून घ्या:

- मूळ सॉफ्टवेअरची प्रत जपून ठेवली जाईल आणि मागितल्यावर परत टाकून मिळेल.
- ट्यून किती ऑक्टेनवर, कोणत्या प्लगवर, किती गॅपवर बसवलाय, हे बिलावर लिहून मिळेल.
- काढलेले जुने प्लग तुम्हाला परत मिळतील.

चुकीच्या किंवा नकली प्लगमुळे नुकसान झालं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. खराब झालेला प्लग, खोका, बिल आणि स्कॅनरच्या कोडचा फोटो जपून ठेवा.

बदलल्यानंतर

पाचशे किलोमीटर झाल्यावर एक प्लग काढून बघा. त्याच वेळी मिसफायरची मोजणी स्कॅनरवर तपासा. ट्यून केलेल्या गाडीत मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर प्लग बदललेले बरे. पूर्ण दाबाची चाचणी घ्यायची असेल तर ती डायनोवर घ्या. कलियासोत किंवा केरवाच्या रस्त्यावर माणसं चालत असतात.

काढलेले मूळ प्लग चांगले असतील तर कोरड्या कापडात गुंडाळून, टोकाला धक्का लागणार नाही असे डिकीत ठेवा. बरोबर योग्य मापाचं सॉकेटही असू द्या. नागपूरच्या वाटेवर एखादा प्लग दगावला तर गाडी सावलीत उभी करा, तासभर थंड होऊ द्या आणि त्या सिलिंडरला जुना बसवून पुढचा रस्ता हळू कापा. घरी पोचल्यावर सगळे प्लग एकाच पायरीचे करून घ्या.